एक मतदार, चार मते: प्रभागपद्धतीचा धडा

मागच्या वेळी आपण रिपनच्या १८८२ च्या ठरावापाशी थांबलो होतो. त्याआधीची एक गोष्ट आज लक्षात घेऊ. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, पण ते सरकारनियुक्त. लोकांनी निवडून दिलेले नव्हेत. रिपनच्या ठरावानंतर निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढले, तरी मताधिकार मोजक्या करदात्यांपुरताच होता. तेव्हा प्रश्न होता: मत कोणाला? आज मत सगळ्यांना आहे. आता प्रश्न असा की, ते मत नेमके कोणाला बांधून ठेवते?

पुण्याचेच पाहा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०१९ च्या अखेरीस पुन्हा एकाचा कायदा झाला, २०२१ ला तीनचा निर्णय झाला, आणि सरकार बदलल्यावर गाडी परत चारवर आली. मुंबईत मात्र २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक. एकाच राज्यात हे दोन न्याय कसे, असे कुणी विचारले तर उत्तर तत्त्वज्ञानात सापडत नाही. ते राजकीय सोयीत सापडते.

चौघांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात आणि आपण चार मते देतो. ऐकायला श्रीमंती वाटते! पण प्रत्येक जागेची लढत वेगळी. त्यामुळे प्रभागात ज्या पक्षाचे वारे, त्याच्या चारही जागा येऊ शकतात. चार मते म्हणजे चार विचारांना जागा, असे काही नाही.

उमेदवाराचे काय होते? गल्लीतला कार्यकर्ता आपल्या चार-पाच हजार घरांत पायी फिरू शकत होता. प्रभाग चौपट झाला की गाड्या, माणसे, पत्रके, सगळेच वाढते. अपक्ष मागे पडतो, पॅनेल पुढे जाते.

पण दुसरी बाजूही न्यायाने मांडू. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. एकसदस्यीय पद्धतीत आरक्षणाची सोडत फिरली की काम केलेल्या माणसाचा वॉर्डच जातो, मग तो पुरुष असो वा मागास प्रवर्गातली बाई. मोठ्या प्रभागात दुसरी जागा मिळण्याची शक्यता उरते. हा लाभ खरा आहे.

तोटा मतदाराच्या पदरी पडतो. दिवा बंद आहे, पाणी येत नाही, जायचे कोणाकडे? पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. चौघांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. आणि याहून वाईट स्थितीही आपण पाहिली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, मार्च २०२२ ला पुणे महापालिकेची मुदत संपली, आणि पुढे जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे विचारायला एकही नगरसेवक नाही. फुल्यांच्या काळात निदान नियुक्त सभासद तरी होते.

प्रतिनिधित्वाचा अर्थ निवडून देण्याच्या एका दिवसात संपत नाही. पाच वर्षांनी हिशेब मागता आला पाहिजे, आणि त्यासाठी माणूस आणि त्याचा मतदारसंघ, दोन्ही ओळखीचे राहिले पाहिजेत. दर निवडणुकीला सीमा आणि संख्या बदलली, तर हिशेब कोणाकडे मागणार? म्हणून एक की चार, यापेक्षा मोठी सुधारणा म्हणजे नियम निदान काही निवडणुका तरी स्थिर ठेवणे. खेळ सुरू होण्याआधी मैदान आखावे, आणि ते खेळाडूंनी आखू नये.

पुढच्या व्याख्यानात थेट सरपंच निवडीकडे वळू. तिथेही कायदा २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला आहे.