संहिताभांडारे व सॉफ्टवेअरचे स्वातंत्र्य

संगणकाच्या आज्ञावलींची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, आंतरजालावर साठविण्याची, तिच्यातील बदलांची क्रमवार नोंद ठेवण्याची व अनेकांनी मिळून तिच्यावर काम करण्याची सोय ज्या संकेतस्थळांवर असते, त्यांना संहिताभांडारे म्हणता येईल. सोर्सफोर्ज, सॅव्हाना, गिटहब, गिटलॅब व कोडबर्ग ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. मुक्त सॉफ्टवेअरचा फार मोठा भाग अशा भांडारांत घडतो. तथापि त्यांपैकी सर्वांत मोठे भांडार ज्या आज्ञावलीवर चालते, ती स्वतः मुक्त नाही. या विसंगतीतून उद्‌भवलेला वाद सु. पाव शतक चालू आहे. मुक्त परवान्यामुळे संहितेचे स्वातंत्र्य राखले जाते. पण ती जेथे घडते त्या जागेचे नियंत्रण दुसऱ्याच्या हाती असेल, तर ती घडविणाऱ्या समूहाचे स्वातंत्र्य कितपत टिकते, हा या वादातील मूळ प्रश्न होय.

पार्श्वभूमी : मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संगणकतज्ञ रिचर्ड स्टॉलमन (१६ मार्च १९५३ – ) यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविणे, तिचा अभ्यास करून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे व बदललेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्यास असली पाहिजेत, असे या चळवळीचे प्रतिपादन आहे. येथे मुक्त या शब्दाचा संबंध किंमतीशी नसून या स्वातंत्र्यांशी आहे. ज्या आज्ञावलीची संहिता मालकाने स्वतःपाशी राखली आहे ती फुकट मिळत असली, तरी ती मुक्त ठरत नाही.

या स्वातंत्र्यांच्या रक्षणासाठी १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. आज्ञावली दुसऱ्यास देणाऱ्याने तिची संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे, असे बंधन या परवान्याने घातले. मात्र हे बंधन प्रत वाटली जाते तेव्हाच लागू होते. आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून तिची केवळ सेवा लोकांना पुरविली, तर प्रत वाटली जात नाही व संहिता देण्याची जबाबदारीही येत नाही. संकेतस्थळांच्या युगात ही फट महत्त्वाची ठरली. ती बुजविण्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर २००७ मध्ये ग्नू ॲफेरो सार्वजनिक परवाना काढला. त्यानुसार सुधारित आज्ञावली जाळ्यावरून वापरणाऱ्यासही तिची संहिता मागण्याचा अधिकार मिळतो.

सोर्सफोर्ज : व्हीए लिनक्स सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये सोर्सफोर्ज हे भांडार सुरू केले. तत्पूर्वी मुक्त प्रकल्पांना विद्यापीठांचे वा व्यक्तींचे संगणक शोधावे लागत. सोर्सफोर्जने जागा, त्रुटींच्या नोंदी, चर्चेची सोय व आवृत्त्यांचे नियंत्रण हे सर्व एकत्र व विनामूल्य दिल्यामुळे हजारो प्रकल्प तेथे आले. आरंभी भांडाराची स्वतःची संहिताही मुक्त होती. डिसेंबर १९९९ मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले व पहिल्याच दिवशी ३० डॉलरचा भाग सु. २३९ डॉलरवर पोहोचला; परंतु लवकरच आंतरजाल कंपन्यांचा फुगवटा ओसरला. कंपनीने यंत्रे विकण्याचा व्यवसाय सोडून सोर्सफोर्जची आज्ञावलीच विकण्याचे ठरविले आणि २००१ मध्ये तिची पुढील संहिता बंदिस्त केली. तेथील प्रकल्पांचे परवाने यामुळे बदलले नाहीत. त्यांच्या पायाखालची जागा तेवढी बदलली.

पूर्वी मुक्त असलेल्या संहितेच्या आधारे ग्नू प्रकल्पासाठी सॅव्हाना हे भांडार उभे राहिले. फ्रेंच संगणकतज्ञ लोइक दाशारी यांचा त्यात पुढाकार होता. सोर्सफोर्जच्या निर्मात्यांपैकी टिम पर्ड्यू यांनी २००२ मध्ये त्याच संहितेवरून जीफोर्ज ही आज्ञावली काढली. पुढे जीफोर्जचीही नवी आवृत्ती मालकी हक्काची झाली, तेव्हा तिच्या मुक्त शाखेवर काम करणाऱ्यांनी २००९ मध्ये फ्यूजनफोर्ज या नावाने ते चालू ठेवले. दोन्ही प्रसंगी पर्याय उभा राहू शकला, तो संहितेची जुनी प्रत मुक्त होती म्हणूनच. सोर्सफोर्जची नंतरची आज्ञावली ॲलुरा हीदेखील मुक्त असून २०१२ मध्ये ती अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्त झाली. मात्र संहिता मुक्त असणे पुरेसे नाही, हेही याच भांडाराने दाखवून दिले. २०१३ पासून तेथील काही स्थापनासंचांबरोबर जाहिरातदारांच्या आज्ञावली जोडून देण्यात येऊ लागल्या. जिंप या चित्रसंपादन प्रकल्पाने त्या वर्षी सोर्सफोर्ज सोडले. मालकी बदलल्यावर २०१६ मध्ये ही प्रथा बंद झाली.

बिटकीपर आणि गिट : परकीय साधनावरील अवलंबनाचे सर्वांत बोलके उदाहरण लिनक्सच्या गाभ्याचे आहे. लिनस टोरव्हॉल्ड्स (२८ डिसेंबर १९६९ – ) यांनी २००२ मध्ये आवृत्त्यांच्या नियंत्रणासाठी बिटकीपर ही मालकी हक्काची आज्ञावली स्वीकारली. तिच्या मालक कंपनीने ती विनामूल्य दिली; परंतु ती वापरणाऱ्याने स्पर्धक साधन तयार करू नये, अशी अट घातली. स्टॉलमन आदींनी या निर्णयावर टीका केली. ऑस्ट्रेलियन संगणकतज्ञ अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरमधील माहिती वाचणारे मुक्त साधन तयार करण्यास आरंभ केल्यावर कंपनीने एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य परवानगी काढून घेतली. तेव्हा टोरव्हॉल्ड्स यांनी थोड्याच दिवसांत गिट या मुक्त साधनाची पहिली आवृत्ती लिहिली.

गिटमध्ये प्रत्येक सहभागी व्यक्तीजवळ संहितेची केवळ प्रत नव्हे, तर तिचा संपूर्ण इतिहास असतो. त्यामुळे कोणताही एक सर्व्हर अपरिहार्य राहत नाही. बिटकीपरच्या अनुभवावर हे नेमके उत्तर होते. पुढे २०१६ मध्ये बिटकीपरची संहिताही मुक्त करण्यात आली. परंतु तोपर्यंत गिटचा वापर सर्वत्र रूढ झाला होता.

गिटहबचा उदय : गिटवर आधारित गिटहब हे भांडार एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे सर्वांसाठी खुले झाले. दुसऱ्याच्या प्रकल्पाची प्रत घेणे, तीत बदल करणे व तो स्वीकारण्याची विनंती मूळ प्रकल्पास पाठविणे, ही क्रिया त्याने अत्यंत सोपी केली. गिट मुक्त असले, तरी त्याभोवती उभारलेल्या या सोयींची संहिता कंपनीने दिली नाही. संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०११ मध्ये याविषयीचे धोरण उघडपणे मांडले : बहुतेक सर्व संहिता खुली करावी, मात्र व्यवसायाचे गाभ्याचे मूल्य ज्या भागात आहे तो राखून ठेवावा.

गिटोरियस हे भांडार २००८ पासून ॲफेरो परवान्याखालील मुक्त संहितेवर चालत होते. पण ते मागे पडून २०१५ मध्ये बंद झाले. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेले भांडारही जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्यात आले. परिणामी प्रकल्प एकाच ठिकाणी एकवटत गेले. पायथन या संगणक भाषेच्या प्रकल्पाने २०१७ मध्ये आपली संहिता व २०२२ मध्ये त्रुटींच्या नोंदीही गिटहबवर नेल्या. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जून २०१८ मध्ये गिटहब ७५० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. आपल्या भांडाराच्या मालकीविषयीच्या या निर्णयात तेथील प्रकल्पांना कोणताही आवाज नव्हता.

आक्षेप : पहिला आक्षेप वापरणाऱ्याच्या संगणकाविषयीचा आहे. अशा संकेतस्थळांची पाने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली चालवितात. त्या मुक्त नसतील, तर मुक्त प्रकल्पात भाग घेण्यासाठीच अमुक्त आज्ञावली चालवावी लागते. ग्नू प्रकल्पाने संहिताभांडारांसाठी नैतिक निकष ठरवून एप्रिल २०१६ मध्ये त्यांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात सॅव्हानास ‘ए’, गिटलॅबला ‘सी’ आणि गिटहब व सोर्सफोर्ज यांना ‘एफ’ ही अनुत्तीर्णाची श्रेणी मिळाली.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. गिटमुळे संहिता सहज हलविता येते. परंतु त्रुटींच्या नोंदी, त्यांवरील चर्चा, बदलांच्या विनंत्या, सहभागी व्यक्तींची ओळख व लौकिक हे गिटमध्ये नसून भांडारात असते. प्रकल्प सोडून जाऊ शकतो. त्याचे शेजारपण मात्र मागे राहते. अमेरिकन अभ्यासक बेंजामिन माको हिल यांनी २०१० मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त साधनेच हवीत, अशी भूमिका मांडली. साधने परकीय असतील, तर स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारेच ते इतरांना नाकारतात, असा तिचा आशय आहे.

तिसरा आक्षेप एकवटलेल्या सत्तेचा आहे. अमेरिकेच्या व्यापारनिर्बंधांमुळे जुलै २०१९ मध्ये इराण, सिरिया व क्रिमिया येथील सदस्यांच्या खाजगी भांडारांवर गिटहबने बंधने घातली. इराणपुरती ती शासकीय परवानगी मिळाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये उठविण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या सूचनेवरून यूट्यूब-डीएल हा प्रकल्प काढून टाकण्यात आला व पुढील महिन्यात तो परत ठेवण्यात आला. अमेरिकेतील मुक्त आज्ञावलीवर चालणाऱ्या भांडारासही हेच कायदे लागू झाले असते, हे खरे. तथापि बहुतेक प्रकल्प एकाच छपराखाली असल्याने एका निर्णयाचा परिणाम सर्वदूर होतो.

जून २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट या संहिता सुचविणाऱ्या साधनाची चाचणी आवृत्ती जाहीर केली. हे साधन सार्वजनिक संहितेच्या प्रचंड साठ्यावरून शिकविलेले असून ते स्वतः मात्र अमुक्त आहे. मूळ लेखकांचा नामनिर्देश व परवान्याच्या अटी यांचे काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जून २०२२ मध्ये गिटहब सोडण्याचे आवाहन केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही लेखकांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला. त्यातील अनेक मागण्या पुढे फेटाळल्या गेल्या.

समर्थन व पर्याय : गिटहबच्या बाजूनेही सबळ मुद्दे मांडले जातात. ते विनामूल्य व विश्वासार्ह आहे. नवशिक्यास तेथे प्रवेश सोपा जातो. छोट्या प्रकल्पास स्वतःचा सर्व्हर सांभाळणे झेपत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याने तो बंद होता, तेव्हा टोरव्हॉल्ड्स यांनीही तात्पुरता गिटहबचाच आसरा घेतला. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपली सदस्यसंख्या १० कोटींवर गेल्याचे जाहीर केले. जेथे सहकारी आहेत तेथेच नवागत जातो व त्यामुळे ते ठिकाण अधिक मोठे होते.

पर्यायही उभे राहिले आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या गिटलॅबची एक आवृत्ती मुक्त असून दुसरीत मालकी हक्काचे भाग आहेत. ग्नोम प्रकल्पाने २०१८ मध्ये तिची मुक्त आवृत्ती आपल्या सर्व्हरवर बसविली. बर्लिन येथील नोंदणीकृत सभासद-संस्थेने २०१९ मध्ये कोडबर्ग हे भांडार सुरू केले. ते प्रथम गिटी या मुक्त आज्ञावलीवर चालत होते. २०२२ मध्ये गिटीचे नाव व नियंत्रण एका कंपनीकडे गेल्यावर कोडबर्गच्या छत्राखाली फोर्जेजो ही स्वतंत्र शाखा निघाली. सोर्सफोर्जच्या काळातील प्रसंगाचीच ही पुनरावृत्ती होती. फरक इतकाच की, या वेळी समूहापाशी स्वतःची जागा, स्वतःची संस्था व निर्णय घेण्याची रीत आधीपासून होती.

या इतिहासात साधन फुकट मिळाले, सोयीचे ठरले, त्यावर अवलंबन वाढले आणि मग अटी बदलल्या, हा क्रम वारंवार आढळतो. प्रत्येक वेळी मुक्त परवान्यामुळे संहिता वाचली. गिटने संहितेचा इतिहासही प्रत्येकाच्या हाती दिला. चर्चा, नोंदी व माणसांचे परस्परसंबंध यांना मात्र तसे संरक्षण अद्याप लाभलेले नाही. ते मिळवावयाचे, तर भांडाराची आज्ञावली मुक्त असण्याबरोबरच ते चालविण्याचा खर्च व जबाबदारीही वापरणाऱ्यांनी उचलावी लागते.