उघड्यावरचा धूर आणि टेबलाशी उभा माणूस

‘आत ओढू नये हे मान्य. पण बाहेर, उघड्यावर कोणी सिगारेट पेटवली तर बिघडतं काय?’ डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात हा प्रश्न उत्तरासारखाच वापरला जातो. इथे लंडनसारखे पब नाहीत. चिकूच्या वाड्यांमधली रिसॉर्ट्स आहेत, अंगणात टेबलं मांडणारी हॉटेलं आहेत, आणि चारोटीवरून तलासरी-आच्छाडकडे जाणाऱ्या महामार्गाला ढाबे आणि परमिट रूम आहेत. शनिवारी संध्याकाळी मुंबईची आणि वापीची माणसं येऊन बसतात ती आत नव्हे, अंगणात. त्यामुळे उघड्या जागेचा प्रश्न इथे कडेचा राहत नाही. ग्राहक जिथे बसतो तीच जागा उघडी असते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. पहिला मुद्दा वाऱ्याचा: समुद्र जवळ आहे, धूर क्षणात उडून जातो. दुसरा कायद्याचा: केंद्राचा २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदाच ‘खुली जागा’ सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून वगळतो. तिसरा पोटाचा: बंदी कडक केली तर गिऱ्हाईक दमणला जाईल. चौथा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो: अशा बंद्यांची काठी शेवटी बिडी ओढणाऱ्या गरिबाच्या पाठीवर पडते. शहाणीसुरती माणसं हे चारही मुद्दे मांडतात. तरीही मला ते चुकीचे वाटतात, आणि चारही मुद्द्यांच्या मुळाशी एकच चूक दिसते. या साऱ्या वादात धूर घेणारा माणूस म्हणून फक्त शेजारच्या टेबलावरचा ग्राहक धरला जातो. ताट घेऊन उभा असलेला मुलगा हिशेबात येतच नाही.

वाऱ्यापासून सुरुवात करू. उघड्यावरचा धूर प्रत्यक्ष मोजला गेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्लेपाइस, ऑट आणि स्विट्झर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत दोन गोष्टी आढळल्या. पेटलेल्या सिगारेटपासून हात-दीड हाताच्या अंतरावर धुराचे सूक्ष्म कण घरात ओढणाऱ्याजवळ असतात तितके दाट असू शकतात. साधारण दोन मीटरपलीकडे ते झपाट्याने कमी होतात, आणि सिगारेट विझली की लगेच निवळतात. पूर्वपक्ष यातलं दुसरं वाक्य उचलतो. मी दोन्ही एकत्र वाचायला सांगतो. दोन मीटरवर बसलेला पाहुणा बहुतेक वाचतो, पण ऑर्डर घ्यायला वाकलेला, ग्लास भरणारा, ॲशट्रे रिकामा करणारा मुलगा त्या दोन मीटरच्या आतच असतो. त्याचं कामच तिथे असतं. एक सिगारेट विझते तेव्हा दुसऱ्या टेबलावरची पेटलेली असते, आणि तो त्या टेबलाकडे निघालेला असतो.

शिवाय किनाऱ्यावरचा वारा चोवीस तास सारखा वाहत नाही. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात, आणि दिवस मावळल्यावर या दोहोंच्या मध्ये वारा पडतो. अंगणातली टेबलं भरायची वेळही साधारण तीच. पावसाळ्यात तर अंगण उघडं राहतच नाही. वर ताडपत्री येते, पत्र्याची शेड येते, वाछट येते म्हणून बाजूला प्लास्टिकचे पडदे सोडले जातात. नाव मात्र ‘ओपन एअर’च राहतं. असं नावापुरतं उघडेपण किती घातक असू शकतं हे मुंबईने पाहिलं आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये आग लागून १४ माणसं गेली. गच्ची खरी, पण तिच्यावर पेटणाऱ्या साहित्याचं छत होतं. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले.

‘वारा नेतो’ हा युक्तिवाद डहाणूने तरी ऐकून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. इथल्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. एवढ्या उंच चिमणीमागचा हिशेब हाच असतो की धूर वर जावा, पांगावा आणि खालच्या माणसाला कळू नये. चिकूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणासाठी झगडणाऱ्या स्थानिक माणसांनी तो हिशेब मान्य केला नाही. जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि त्या प्राधिकरणाने धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. पांगलेला धूरही कोणाच्या तरी झाडावर, कोणाच्या तरी छातीत उतरतो, हे या तालुक्याने न्यायासनासमोर मांडून मान्य करून घेतलं आहे. चिकूच्या मोहरासाठी जे मान्य झालं ते त्याच वाडीत टेबलं पुसणाऱ्या मुलासाठी अमान्य करता येणार नाही.

आता कायदा. व्याख्येत ‘खुली जागा’ वगळली आहे हे खरं. पण त्याच व्याख्येत उपाहारगृह नाव घेऊन समाविष्ट आहे. पुढे २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी खुल्या जागेची सूटही आवळली. खुलं प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा आणि लोकांची ये-जा असलेल्या तशाच इतर जागा त्या सुटीत मोडत नाहीत. डहाणू रोडच्या फलाटावर डोक्यावर आकाश असलं तरी सिगारेट ओढणं गुन्हा आहे तो यामुळेच. हॉटेलच्या अंगणाचा नियमात वेगळा उल्लेख नाही, म्हणून कोणी वकील वाद घालू शकेल. माझं वाचन असं: दारूचा परवाना ठरावीक जागेला, तिच्या नकाशासकट मिळतो, आणि अंगणात दारू द्यायची तर अंगण त्या जागेत धरावं लागतं. दारू देण्यासाठी जे अंगण हॉटेलचा भाग ठरतं, ते सिगारेटपुरतं हॉटेलबाहेर कसं जाईल?

याहून महत्त्वाची एक तरतूद चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त आसनांचं उपाहारगृह यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. पण ती चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि हवा बाहेर फेकणारी व्यवस्था असलेली खोली असावी लागते. या खोलीत हुक्का देता येईल का, यावरून मुंबई महानगरपालिका आणि उपाहारगृहचालक यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल चालकांच्या बाजूने लागला, कारण पालिकेच्या अटी केंद्रीय कायद्याच्या पुढे गेल्या होत्या. मग केंद्राने मे २०१७ मध्ये नियमच बदलला: धूम्रपानाच्या जागेत कोणतीही सेवा देता येणार नाही. रोख हुक्क्यावर होता, पण त्याचा अर्थ वेटरसाठी फार मोठा आहे. जिथे धूर, तिथे सेवा नाही. जिथे सेवा, तिथे धूर नाही. चार भिंतींच्या खोलीला जी अट लागू होते ती अंगणाला लागू नाही असं म्हणणं म्हणजे बंदिस्त खोलीपासून वेटरला वाचवायचं आणि झाडाखालच्या टेबलाशी त्याला सोडून द्यायचं.

पबमधल्या बंदीचा इतिहासही हेच सांगतो. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी देशभरातल्या पबमध्ये धूम्रपान थांबवलं ते कामगारांच्या आरोग्याच्या नावाने. अमेरिकेत विमानांमधल्या धुराविरुद्धची लढाई हवाई सेविकांनी न्यायालयात नेली आणि १९९७ मध्ये सिगारेट कंपन्यांना तडजोड करून ३० कोटी डॉलर संशोधनासाठी द्यावे लागले. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये बारमध्ये बंदी आली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बारटेंडरांची तपासणी झाली. खोकला, घरघर, दम अशी लक्षणं आधी सांगणाऱ्या ३९ जणांपैकी २३ जणांची लक्षणं बंदीनंतर गेली. आपल्याकडे बंदी आली ती मुरली देवरा यांच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने आणि पुढे २००३ च्या कायद्याने. ती ‘सार्वजनिक जागे’चा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा विचार करत आली. तिथे कायम राहणारा नोकर मागे पडला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांचं प्रमाण ३०.२ टक्के दिलं आहे, पण तो प्रश्न छताखाली काम करणाऱ्यांपुरता होता. अंगणातला वेटर त्या आकड्यात मोजलेलाच नाही. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा आला तोही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागांसाठी, आणि वाडीतल्या छोट्या हॉटेलात इतकी माणसं असतातच असं नाही.

‘पण इथे सगळेच ओढतात’ हे तर साफ चूक. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करतात. न जळणारा तंबाखू खाणारे मात्र २४.४ टक्के आहेत. यावर कोणी म्हणेल, मग मशेरी आणि गुटख्याच्या मागे लागा. जरूर लागावं. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद असूनही आच्छाडच्या सीमेवरून येताना पकडला जातो, आणि तो प्रश्न मोठा आहेच. पण तंबाखू खाणारा आपलं तोंड जाळतो, टेबलाशी आलेल्या मुलाच्या छातीत काही घालत नाही. शंभरातल्या चौघांच्या सवयीसाठी उरलेल्यांनी, त्यातही ज्याला उठून जाता येत नाही त्याने, श्वास रोखावा ही रीत मला न्यायाची वाटत नाही. क्षयरोग अजून गेलेला नाही अशा भागात तर नाहीच. धुराने क्षयाचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्रात वादाचं राहिलेलं नाही.

दमणची भीती थोडक्यात निकालात निघते. तंबाखूचा कायदा केंद्राचा आहे. दमणमध्ये, उंबरगावात आणि बोर्डीत तोच चालतो. दमणला दारू स्वस्त मिळते म्हणून जाणारा माणूस आजही जातोच, त्याला सिगारेटचं कारण लागत नाही. महामार्गावरच्या दारूविक्रीबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०१७ पासून लागू झाला तेव्हा इथल्या धंद्याला खरा धक्का बसला होता. ॲशट्रे उचलण्याची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही.

राहिला चौथा आक्षेप, आणि इथे मी पूर्वपक्षाचं निम्मं म्हणणं मान्य करतो. मिलान शहराने २०२५ च्या जानेवारीपासून केलं तसं रस्त्यावर, उघड्या मैदानात दुसऱ्यापासून १० मीटर अंतर नसेल तर सिगारेट बंद, असा नियम डहाणू-तलासरीत मला नको आहे. शेताच्या बांधावर, पाड्यावर, किनाऱ्याच्या वाळूत बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला २०० रुपयांची पावती फाडणं हा अन्याय होईल, आणि रिसॉर्टच्या फाटकातून आत जायला पोलीस कचरत असताना तो दुहेरी अन्याय होईल. पण मी ज्या नियमाबद्दल बोलतो त्याचा भार ओढणाऱ्याआधी मालकावर येतो. दारात ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणं, ॲशट्रे, काडेपेटी, लायटर टेबलावर न ठेवणं, कोणी ओढत असेल तर थांबवणं ही मालकाची किंवा मॅनेजरची जबाबदारी आहे, आणि ती टाळली तर जितके गुन्हे तितका दंड त्याला आहे. टेबलावरचा ॲशट्रे हा मालकाविरुद्धचा पुरावा आहे. गरिबाच्या नावाने हा नियम सैल ठेवला की सूट बिडीवाल्याला मिळत नाही, मालकाला मिळते. आणि त्या अंगणात राबणारा बहुतेक वेळा आसपासच्या पाड्यावरचाच मुलगा असतो. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांसोबत त्यांनी वेठीला नकार दिला. काम करून घेणाऱ्याचा कामगाराच्या शरीरावर हक्क पोचत नाही, हे त्या नकाराचं सार होतं. गरिबाची बाजू घेणाऱ्यांनी या मुलाच्या फुफ्फुसांचाही विचार त्याच न्यायाने करावा.

‘तक्रार तर कोणीच करत नाही’ असं मालक म्हणतात. कोण करील? ग्राहक दोन तासांनी निघून जातो, आणि वेटरने तोंड उघडलं तर पुढच्या शनिवारी त्याला बोलावणं येत नाही. म्हणून हे काम तक्रारीवर सोडून चालणार नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर नियंत्रणाचा अधिकार इथल्या ग्रामसभांना दिला आहे. नवं परमिट रूम गावात यायचं असेल तेव्हा ग्रामसभेने दारूच्या प्रश्नासोबत दोन गोष्टी विचाराव्यात: अंगणात सेवा देणार का, आणि देणार असाल तर तिथे धूर बंद राहील याची लेखी हमी कोण देणार. ज्याला ओढायचीच आहे त्याने टेबलापासून उठून कुंपणाकडे, लोकांपासून दहा-बारा पावलं दूर जावं. तिथे मालकाने टेबल मांडू नये, खुर्ची ठेवू नये आणि ऑर्डर घ्यायला कोणाला पाठवू नये.