वऱ्हाडातली चिठ्ठी आणि होलेरिथचे कार्ड

१/१०
१ मार्च १९०१. हिंदुस्थानभर शिरगणतीची रात्र. शेलूबाजारचा परिसर तेव्हा वऱ्हाडातील बासिम, म्हणजे आजच्या वाशिम, जिल्ह्यात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांतून हा मुलूख नुकताच बाहेर पडला होता. किती माणसे उरली, हा खरा प्रश्न होता.

२/१०
माणसे मोजणे हे निम्मेच काम. घरोघरच्या नोंदवह्यांतून 'पंधरा वर्षांखालील विधवा किती?' यासारखी उत्तरे काढणे अधिक कठीण. १८९१ पर्यंत कारकून वही वाचत आणि मोठ्या तक्त्यावर रेघा ओढत. नव्या तक्त्यासाठी तीच वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागे.

३/१०
हीच अडचण अमेरिकेतही होती. तिथल्या १८८० च्या जनगणनेचे तक्ते पुरे व्हायला जवळजवळ पुढचे दशक उजाडले. हर्मन होलेरिथ या तरुण अभियंत्याने १८९० च्या जनगणनेसाठी उपाय दिला : एक माणूस, एक कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान ही माहिती कार्डावरील छिद्रांच्या जागांवरून कळे.

४/१०
यंत्राची रचना अशी. कार्ड ठेवून दांडा ओढला की वरून स्प्रिंगच्या सुया खाली येत. जिथे छिद्र असे तिथेच सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतील पाऱ्याला टेके. विद्युत मंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एका अंकाने पुढे सरके. त्याच वेळी वर्गीकरणाच्या पेटीतील योग्य खणाचे झाकण आपोआप उघडे.

५/१०
सुमारे ६.२ कोटी अमेरिकनांची माहिती या पद्धतीने हाताळली गेली. होलेरिथने १८९६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ती १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ पासून त्या एकत्रित कंपनीचे नाव झाले आयबीएम.

६/१०
हिंदुस्थानची १९०१ ची लोकसंख्या २९ कोटींहून अधिक. इथे यंत्र आले नाही, पण पद्धत मात्र बदलली. बव्हेरियाचे संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांच्या नावाशी जोडलेली 'चिठ्ठी पद्धत' या वर्षी स्वीकारली गेली.

७/१०
नोंदवहीतील प्रत्येक माणसाची एक स्वतंत्र चिठ्ठी तयार होई. कागदाच्या रंगावरून धर्म ओळखू येई. त्यावरील चिन्हांवरून स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित की विधवा, हे कळे. कारकून या चिठ्ठ्या लाकडी खणांत वाटत आणि प्रत्येक खणातील गठ्ठा मोजत. प्रश्न बदलला की त्याच चिठ्ठ्या नव्याने वाटल्या जात.

८/१०
कार्ड आणि चिठ्ठी यांमागचा विचार एकच होता : माणसाला वहीच्या ओळीतून सोडवून सुटे करणे. नोंद सुटी झाली की ती हवी तशी लावता येते. संगणकाने पुढे हेच तत्त्व वापरले. विजेने त्यात वेगाची भर घातली; एकाच फेरीत यंत्र अनेक गोष्टी मोजू शके. पण यंत्र भाड्याने आणावे लागे, आणि इथे कारकुनाचे हात स्वस्त होते.

९/१०
खणांतून बाहेर आलेला आकडा कठोर होता. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत १,४३,४७५ माणसांची घट. एकट्या बासिम जिल्ह्यात ३,५३,४१० माणसे उरली होती. तिथली घट सुमारे ११ टक्के, म्हणजे वऱ्हाडच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक.

१०/१०
ही सारी घट म्हणजे मृत्यूच, असे म्हणता येत नाही. दुष्काळात जन्म कमी होतात, माणसे गाव सोडतात. पण यंत्र असो वा कारकून, दोघांनाही फक्त हजर माणूस मोजता येतो. जो उरला नाही, त्याच्या नावाची चिठ्ठीही नसते आणि कार्डही नसते. दोन शिरगणत्यांचे आकडे शेजारी मांडावेत, तेव्हाच ती उणीव दिसते. आकडे जपून ठेवायचे ते यासाठी.