टाचेतला थेंब

परवा पुतणीच्या बाळाची टाच टोचली तेव्हा आमची आत्या भलतीच चिडली. "दोन दिवसांच्या जिवाचं रक्त कसलं काढताय?" प्रश्न घरातल्या इतरांनाही पडला होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. प्रथिनांमधलं फिनाइलअॅलनिन शरीराला नीट वापरता येत नाही. ते रक्तात साठतं आणि मेंदूची वाढ खुंटते. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी हा आजार १९३४ साली ओळखला, तोही एका आईने पिच्छा पुरवला म्हणून. पुढे १९५० च्या दशकात पथ्याच्या आहाराचा उपाय सापडला. अडचण एकच, लघवीच्या तपासणीत आजार दिसायचा तो काही आठवड्यांनी. तोवर मेंदूला इजा होऊ लागलेली असे.

अमेरिकेत बफेलोला रॉबर्ट गथ्री नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांच्या भाचीला हाच आजार होता आणि निदान उशिरा झालं होतं. त्यांनी तान्ह्या बाळाची शीर शोधण्याचा नादच सोडला. टाच टोचायची, थेंब टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा आणि चक्क टपालाने प्रयोगशाळेत धाडायचा! तिथे त्या कागदाची टिकली जिवाणूंच्या थरावर ठेवत. फिनाइलअॅलनिन जास्त असेल तर टिकलीभोवती जिवाणू वाढत. १९६३ पर्यंत अमेरिकेच्या २९ राज्यांत सुमारे ४ लाख बाळं अशी तपासून झाली होती.

म्हणजे थेंबात सगळंच कळतं का? नाही. २००३ साली निघालेल्या थेरॅनॉस कंपनीने बोटाच्या थेंबातून ढीगभर चाचण्या करण्याचा दावा केला. २०१८ मध्ये ती बंद पडली आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. बोट दाबून काढलेल्या रक्तात पेशींभोवतालचं पाणीही मिसळतं, काही आकडे त्यामुळे चुकतात. सगळ्या चाचण्यांना थेंब पुरत नाही, शिरेतून रक्त घ्यावंच लागतं. गथ्रींनी त्या थेंबाला एकच नेमका प्रश्न विचारला होता, म्हणून तो पुरला.

गोवा सरकारने २००८ साली नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. पण आपल्या देशात ती अजून सगळीकडे आपसूक होत नाही. तेव्हा मंडळी, घरात पाळणा हलणार असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बाळ क्षणभर रडेल, रडू द्या.