हवेच्या भाराचा समच्छेद

पुण्यास ठेवलेल्या वायुभारमापकांतील पारा मुंबईच्या पाऱ्यापेक्षां बारा महिने सुमारें पावणेदोन इंच खालीं असतो. प्रचंड चक्रीवादळ जवळ आलें असतां मुंबईचा पारा उतरावा, जवळजवळ तेवढाच हा फरक. मग पुण्यावर सदैव वादळ घोंघावतें काय? तसें नाहीं. पुणें समुद्रसपाटीहून सुमारें १८०० फूट उंच आहे. मुंबईकरांच्या माथ्यावर असलेला तेवढा हवेचा थर पुणेकरांच्या पायांखालीं राहतो, इतकाच त्याचा अर्थ.

उंचीचा हा वांटा प्रथम फ्रान्समध्यें सिद्ध झाला. तत्त्वज्ञ पास्कल याच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिये हा १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पाऱ्याची नळी घेऊन पुई द दोम हा डोंगर चढला. शिखरावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. खालीं क्लेरमाँ गांवीं मठाच्या बागेंत दुसरी नळी होती. एका साधूनें दिवसभर तिच्यावर नजर ठेविली. तिच्यांतील पारा जागचा हलला नाहीं. त्या दिवशींचा फरक हवामानाचा नसून उंचीचाच, हें या दुसऱ्या नळीनें निर्विवाद ठरविलें.

१६८६ सालीं हॅले यानें उंची व हवेचा भार यांचें नातें गणितांत बसविलें. पुढें लाप्लासनें त्यांत उष्णतामानाचा व गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आणला; कारण थंड हवा जड असते, उष्ण हवा हलकी.

या गणितास खरें मोल चढलें तें तारायंत्र आल्यावर. दूरदूरचे आंकडे एकाच दिवशीं हातीं येऊं लागले. पण ते तसेच नकाशावर मांडले तर वादळ न दिसतां डोंगरच दिसत. अपूर्णांकांची बेरीज करण्यापूर्वीं आपण समच्छेद करतों. तसाच येथें प्रत्येक ठाण्याचा भार, तें समुद्रसपाटीवर असतें तर किती भरला असता, हें काढून मगच समभाररेषा आंखाव्या लागतात.

आपल्याकडे हा प्रश्न लोकांच्या प्राणांशीं निगडित होता. ५ ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळांत हजारों माणसें मेलीं. १८६६ व १८७१ सालीं पावसानें दगा दिला. १८७५ मध्यें हवामानखातें स्थापन होऊन त्याची धुरा हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आली, आणि प्रांतोप्रांतींचीं निरीक्षणें एका पद्धतीखालीं येऊं लागलीं. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें. तें पुढें दिल्लीस गेलें, तरी पुण्यांतील त्या इमारतीचें ‘शिमला ऑफिस’ हें नांव टिकून आहे.

पण खुद्द शिमल्यास हा समच्छेद अवघड जातो. ठाण्याखालीं असतो खडक. तेथें हवेचा स्तंभ आहे असें मानून त्याचें उष्णतामान आपण गृहीत धरतों. पुण्यास त्यांत चूक झाली तरी ती अल्प असते. सात हजार फुटांवर मात्र ती लहानशा वादळास झांकून टाकील इतकी वाढूं शकते. म्हणून फार उंच ठाण्यांवरून समुद्रसपाटीचा आंकडा न देतां, ठराविक भार किती उंचीवर आढळतो तें कळवितात.

होडी समुद्रांत लोटूं नये, असा इशारा आज कोंकणांतील कोळ्यास वेळेवर मिळतो. त्याच्या मुळाशीं, उपग्रहांच्या जोडीनें, हा जुना समच्छेदहि असतो.