मेहरबाईंचं माहेर

संगरूर, वाराणसी, विशाखापट्टणम. तिन्ही ठिकाणी कॅन्सरचं एकेक रुग्णालय आहे आणि तिन्हींना नाव होमी भाभांचं. अणुशास्त्रज्ञाचं नाव कॅन्सरच्या रुग्णालयाला कसं, याचं उत्तर सोपं वाटतं. ही रुग्णालयं परळच्या टाटा मेमोरियलची, टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाचं आणि तो विभाग भाभांनी उभारलेला. पण मग परळचं हॉस्पिटल आरोग्य खात्याकडे न राहता अणुऊर्जा विभागाकडे गेलं कसं? याचा माग काढत मागे जावं तर एका न्यासाचा जन्म दिसतो, आणि त्याच्या आतलं एक नातं. मेहरबाई टाटा या होमी भाभांच्या आत्या. टाटांच्या दानधर्माचा इतिहास या नात्यापासून सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

एरवी तो बाप-लेकांच्या वंशावळीने सांगतात. जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या सुरू केल्या, पुढे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठी मालमत्ता देऊ केली. धाकटे चिरंजीव रतनजी १९१८ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा न्यास झाला. थोरल्या दोराबजींचा झाला १९३२ मध्ये. या यादीत मेहरबाई येतात त्या फक्त दोराबजींच्या पत्नी म्हणून.

मेहरबाईंचे वडील होरमसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी. जमशेटजींनी म्हैसुरात हे कुटुंब पाहिलं, मुलगी मनात भरली आणि त्यांनी दोराबजींना तिथे पाठवलं. १८९८ मध्ये लग्न झालं. मेहरबाई साडी नेसून टेनिस खेळत, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी त्यांचं नाव होतं. बालविवाहाविरुद्धच्या सारडा कायद्यासाठी त्या झटल्या. जून १९३१ मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने त्यांचं निधन झालं. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांची समाधी आहे. वर्षभराने दोराबजी त्या समाधीकडे निघाले असताना वाटेत जर्मनीत, बाड किसिंगेनला वारले.

मधल्या त्या एका वर्षात दोराबजींनी दोन न्यास केले. आपली जवळजवळ सारी दौलत त्यांनी स्वतःच्या नावाच्या न्यासात घातली आणि स्थळ, राष्ट्र, धर्म यांचा भेद न करता ती खर्च व्हावी अशी अट घातली. दुसरा, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट, आकाराने लहान, पण मला तोच अधिक विलक्षण वाटतो. त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जगभरच्या ल्युकेमिया संशोधनासाठी ठेवला आणि निवडीसाठी लंडनमध्ये शास्त्रज्ञांची समिती नेमली. त्या काळी ल्युकेमियावर नाव घेण्यासारखा इलाज नव्हता. पारतंत्र्यातल्या देशातला एक उद्योगपती परक्या देशांतल्या प्रयोगशाळांना पैसा देतो, तोही अशा रोगासाठी की ज्यातून आपलं माणूस आता परत येणार नाही. १९३२ साली असा न्यास जगात कुठेही दुर्मीळच असणार.

इथे जुबिली हिऱ्याची लाडकी कथा आडवी येते. दक्षिण आफ्रिकेत १८९५ मध्ये सापडलेला, पैलू पाडल्यावर २४५.३५ कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा हिरा दोराबजींनी मेहरबाईंना दिला होता. तो विकून टाटा हॉस्पिटल उभं राहिलं, असं सर्रास सांगितलं जातं. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना बुडायला आला तेव्हा दोराबजींनी आपल्या दौलतीबरोबर हा हिराही इंपीरियल बँकेकडे तारण ठेवला, हे खरं. कारखाना तगला, हिरा सुटला, आणि तो विकला गेला दोराबजींच्या पश्चात. पैसे दोराबजींच्या न्यासात आले. पण त्याच न्यासाने १९३६ मध्ये नागपाड्याला समाजकार्याचं महाविद्यालय काढलं, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. हिऱ्याचा कोणता रुपया कुठे गेला हे वेगळं काढता येत नाही, आणि न्यासाची खरी ताकद टाटा सन्सच्या समभागांत होती. हिऱ्याने कथा चमकते, एवढंच. हॉस्पिटलचं मूळ मेहरबाईंच्या आजारात आहे. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला ते ८० खाटांनिशी उघडलं.

आता भाचा. शाळकरी होमी या आत्याच्या घरी नेहमी जाई, पोलाद आणि विजेच्या गप्पा तिथे त्याच्या कानांवर पडत. पुढे शास्त्रज्ञ झाल्यावर, १२ मार्च १९४४ ला त्याने दोराबजींच्या न्यासाचे अध्यक्ष सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. अणुशक्तीपासून वीज होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे पाहावं लागू नये, हा त्यातला मुद्दा. हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होतं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पैसे नात्यामुळे मिळाले असं मी म्हणत नाही, भाभांची योग्यता निर्विवाद होती. पण कोणतं दार ठोठवायचं आणि आत कोणती भाषा चालते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. विभागाचे प्रमुख होते भाभा. कॅन्सरच्या निदानात आणि उपचारात किरणोत्साराचं महत्त्व त्यांनी ओळखलं, हे अधिकृत कारण खरंच आहे. पण किरणोपचार देणारी इतरही सरकारी रुग्णालयं देशात होती. ती आरोग्य खात्यांकडेच राहिली. हे एकच वेगळं का झालं, याचं उत्तर किरणोत्सारात पुरतं सापडत नाही. आत्याच्या रोगातून निघालेलं हॉस्पिटल भाच्याने आपल्या पंखाखाली घेतलं, असंच मी मानतो.

देशभरातून रुग्ण परळला येत राहिले. हॉस्पिटलभोवतीच्या पदपथांवर अंथरूण टाकून, स्टोव्ह पेटवून दिवस काढणारी कुटुंबं मुंबईकरांना परिचयाची आहेत. टाटा न्यासांचं अलीकडचं काम त्याच गर्दीकडे पाहून आखलेलं आहे. २०१७ मध्ये आसाम सरकारबरोबर त्यांनी कॅन्सर रुग्णालयांची साखळी हाती घेतली, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यातली सात एकदम सुरू झाली. केमो आणि किरणोपचार शक्यतो घराजवळच्या जिल्ह्यात मिळावेत आणि फक्त अवघड रुग्ण मोठ्या केंद्राकडे जावेत, अशी तिथली रचना आहे.