व्हिन्येट आणि माउट

फ्रेंचमध्ये ‘विन्य’ म्हणजे द्राक्षवेल आणि ‘विन्येत’ हे तिचे लघुत्वदर्शक रूप. जुन्या ग्रंथांच्या समासांतील वेलबुट्टीचे हे नाव पुढे छापील चिठ्ठीला आणि अखेरीस पथकर भरल्याची खूण म्हणून मोटारीच्या काचेवर चिकटवायच्या पट्टीला लागले. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर १९९७पासून ठरावीक मुदतीची ‘व्हिन्येट’ लागते. मात्र ज्या मोटरहोमचे, म्हणजे चाकांवरील घराचे, अनुज्ञेय कमाल वजन ३.५ टनांहून अधिक असते, त्याला ती चालत नाही. त्याच्या काचेमागे ‘गो-बॉक्स’ हे यंत्र बसवून आसांची संख्या, उत्सर्जनवर्ग आणि कापलेले अंतर यांनुसार ‘माउट’ हा पथकर भरावा लागतो. हा जर्मन शब्द फार पुरातन असून, चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात तो ‘मोता’ या रूपात जकातीच्याच अर्थाने आढळतो.